हाडाची हरवलेली जागा आणि छापील परांची

मोडलेले हाड जुळते, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. प्लास्टर घातले, काही महिने पाय जपला की माणूस पुन्हा कामाला लागतो. पण हाडाचा तुकडाच नाहीसा झाला तर? अपघातात नडगी चिरडते आणि हाडाचे तुकडे रस्त्यावरच राहतात. पस होऊन सडलेले हाड शस्त्रक्रियेत काढून टाकावे लागते. जबड्यातल्या गाठीबरोबर जबड्याचा भागही जातो. अशी मोठी रिकामी जागा शरीर एकट्याच्या बळावर भरून काढू शकत नाही.

आमच्यापैकी ज्यांनी ऑर्थो वॉर्डात ड्रेसिंग करण्यात वर्षे घालवली, त्यांना हे रुग्ण चांगले आठवतात. बांधकामावरचा बिगारी, ट्रकवरचा क्लीनर, दुचाकीवरून कारखान्यात जाणारा तरुण. एकामागून एक शस्त्रक्रिया होतात, वर्ष उलटते, घरातले किडूकमिडूक विकले जाते, आणि शेवटी कुणीतरी पाय कापण्याचा विषय काढतो. अशा घरातल्या माणसाच्या हातात मोबाइलवर बातमी पडते, ‘आता प्रिंटरने हाड छापता येते’. मग आम्हाला विचारणा होते, ‘ताई, हे आपल्या माणसाला मिळेल का? किती खर्च येईल?’

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येणार नाही. त्यासाठी आधी हाड कसे भरते ते समजून घ्यावे लागेल.

हाड जुळते म्हणजे काय होते?

हाड म्हणजे दगड नव्हे. त्यात रक्त फिरते, पेशी काम करतात. हाडाचा साधारण दोन तृतीयांश भाग कॅल्शियम-फॉस्फेटच्या क्षारांचा असतो. उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन नावाचे प्रथिन असते. क्षारांमुळे कडकपणा येतो, कोलॅजनमुळे चिवटपणा.

हाड मोडले की तिथे रक्त साकळते. रक्ताच्या त्या गाठीतून आसपासच्या पेशींना निरोप जातात. नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, आधी मऊ कूर्चेसारखा सांधा तयार होतो आणि मग त्यात क्षार भरून तो कडक होतो. एक्स-रे वर ढगासारखा दिसणारा ‘कॅलस’ तो हाच. पुढे हाड बांधणाऱ्या आणि हाड पोखरणाऱ्या पेशी मिळून कित्येक महिने त्याला घाट देत राहतात.

या सगळ्यासाठी पाच गोष्टी लागतात: काम करणाऱ्या पेशी, त्यांना चढायला आधार, कामाला लागा असे सांगणारा निरोप, भरपूर रक्तपुरवठा आणि हलू न देणारी पकड. यातली एक जरी नसली तरी काम अडते. नऊ महिने उलटले आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक्स-रे मध्ये काहीच पुढे सरकलेले नसेल, तर डॉक्टर त्याला ‘नॉन-युनियन’ म्हणजे न जुळलेले हाड म्हणतात. तूट साधारण दोन-अडीच सेंटिमीटरच्या वर गेली की ती आपोआप भरण्याची आशा फार कमी उरते. नडगीचे दुखणे तर आणखी अवघड, कारण तिच्या पुढच्या बाजूला मांस नाही, थेट कातडी आहे. तिथे रक्त पोचवणारेच कमी.

आज हाताशी असलेले उपाय

पहिला आणि अजूनही सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे रुग्णाचेच हाड. कमरेच्या हाडातून चुरा किंवा तुकडा काढून तुटीत भरतात. त्यात पेशी, आधार आणि निरोप तिन्ही असतात आणि शरीर ते परके मानत नाही. अडचण इतकीच की कमरेत हाड मोजकेच मिळते आणि काढलेल्या जागी दुखत राहते. मोठ्या तुटीसाठी पिंडरीतले बारीक हाड रक्तवाहिनीसकट काढून सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. ते काम निष्णात हातांचे आहे.

दुसरा उपाय सायबेरियातल्या कुर्गान शहरातून आला. १९५०च्या दशकात डॉ. गाव्रील इलिझारोव्ह यांनी पायाभोवती कड्या आणि तारा बसवून हाड हळूहळू ओढण्याची पद्धत उभी केली. दिवसाला एक मिलिमीटर, तेही चार टप्प्यांत. ओढलेल्या जागेत नवे हाड तयार होते. आपल्या सरकारी रुग्णालयांतही ही ‘रिंग’ लावलेले रुग्ण दिसतात. वेळ फार लागतो, तारांच्या जागी पस होतो, रुग्णाची आणि घरच्यांची सहनशक्ती पणाला लागते, पण पाय वाचतो.

तिसरा उपाय फ्रान्समधील डॉ. मास्क्ले यांनी १९८६ च्या सुमारास सुरू केला. तुटीत आधी बोन सिमेंटचा गोळा ठेवायचा. सहा ते आठ आठवड्यांत त्याच्याभोवती शरीर स्वतःच एक पातळ पडदा तयार करते. मग सिमेंट काढून त्या पिशवीत कमरेचे हाड भरायचे. पुढे तपासणीत आढळले की त्या पडद्यात रक्तवाहिन्या भरपूर असतात आणि हाड बनवण्याचे निरोप देणारी प्रथिनेही असतात. म्हणजे जागा आणि वेळ मिळाली तर निरोपाचे काम शरीर स्वतः करते. पुढचे सगळे समजायला ही गोष्ट ध्यानात ठेवा.

छापील परांची म्हणजे काय?

इमारतीला प्लास्टर करताना गवंडी बांबूची परांची बांधतात. परांची म्हणजे भिंत नव्हे. तिच्यावर उभे राहून माणसे भिंतीचे काम करतात आणि काम संपले की ती उतरवली जाते. हाडाच्या तुटीत बसवायच्या जाळीदार ठोकळ्याला इंग्रजीत ‘स्कॅफोल्ड’ म्हणतात, त्याचा अर्थ हाच. फरक एवढाच की ही परांची उतरवावी लागत नाही, ती शरीरात हळूहळू विरघळते.

ती बनते पॉलिमरची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची. नाव ऐकून दचकू नका. शस्त्रक्रियेत आतून घालतात तो आपोआप विरघळणारा टाक्यांचा धागा याच कुळातला आहे. हाडासाठी सर्वाधिक वापरले जाणारे पॉलिमर म्हणजे पॉलिकॅप्रोलॅक्टोन. ते साधारण ६० अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे छापायला सोपे. शरीरात विरघळायला त्याला दोन ते तीन वर्षे लागतात. लॅक्टिक आम्लापासून बनलेली दुसरी पॉलिमरे आहेत. त्यातली काही लवकर विरघळतात, पण विरघळताना आजूबाजूला आम्लता वाढवतात. हाडाशी नीट जमावे म्हणून पॉलिमरमध्ये कॅल्शियम-फॉस्फेटची भुकटी मिसळतात.

छपाई अशी होते. रुग्णाचा सीटी स्कॅन काढतात. संगणकावर तुटीचा नेमका आकार मिळतो. यंत्र वितळलेल्या पॉलिमरची बारीक तार एकावर एक थर देत त्या आकाराची जाळी उभी करते. जाळीतली छिद्रे महत्त्वाची. ती साधारण ०.३ मिलिमीटर किंवा त्याहून थोडी मोठी असली तर रक्तवाहिन्या आत शिरतात. फार बारीक असली तर पेशी बाहेरच राहतात, फार मोठी असली तर जाळी कमकुवत होते.

कमकुवतपणाचा मुद्दा इथेच सांगून ठेवतो. हे पॉलिमर हाडाइतके ताठ नसते. माणसाचे वजन ते एकटे पेलू शकत नाही. म्हणून पाय किंवा मांडीच्या तुटीत परांची बसवली तरी रॉड किंवा प्लेट लागतेच. ‘हाड छापले आणि माणूस चालू लागला’ असे जो सांगतो, तो अर्धीच गोष्ट सांगतो.

वाढीचे निरोप

परांची बांधली, पण मजुरांना बोलावणार कोण? इथे ग्रोथ फॅक्टर येतात. मराठीत आपण त्यांना वाढीचे निरोप म्हणू. ही शरीरातलीच प्रथिने आहेत. एखाद्या पेशीवर जाऊन बसली की ती पेशी वाढते, सरकते किंवा नवे काम धरते.

१९६५ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिसचे डॉ. मार्शल युरिस्ट यांनी हाडातले सारे क्षार आम्लाने काढून टाकले आणि उरलेला मऊ भाग प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. जिथे हाडाचा संबंध नाही अशा त्या मांसात नवे हाड तयार झाले. म्हणजे हाडाच्या मऊ भागात ‘हाड बांधा’ असा निरोप देणारे काहीतरी होते. १९७१ मध्ये त्याला ‘बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन’, थोडक्यात बीएमपी, असे नाव मिळाले. १९८८ मध्ये त्याची जनुके सापडली आणि ते प्रयोगशाळेत मोठ्या प्रमाणात बनवण्याची वाट खुली झाली.

याखेरीज रक्तवाहिन्या फुटायला लावणारा व्हीईजीएफ आणि रक्तातील प्लेटलेटमधून निघणारा पीडीजीएफ हेही या कामातले महत्त्वाचे निरोप आहेत.

अडचण अशी की हे निरोप फार अल्पायुषी असतात. नुसते टोचले तर काही वेळातच वाहून जातात किंवा नष्ट होतात. शिवाय प्रथिन असल्याने ते उष्णतेने बिघडतात, म्हणून वितळलेल्या पॉलिमरमध्ये सरळ मिसळता येत नाहीत. त्यामुळे संशोधक छापून झालेल्या जाळीवर नंतर त्यांचा लेप देतात, सूक्ष्म गोळ्यांत भरून ठेवतात किंवा हेपरिनच्या साहाय्याने चिकटवतात. रक्त गोठू नये म्हणून आपण वॉर्डात वापरतो तेच हे हेपरिन. सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी: निरोप थोडा असावा, त्याच जागी राहावा आणि अनेक आठवडे हळूहळू पोचत राहावा.

जास्त निरोपाने काय झाले?

हे का महत्त्वाचे, ते बीएमपीच्याच इतिहासातून कळते. २००२ मध्ये अमेरिकेत बीएमपी-२ कोलॅजनच्या स्पंजात भिजवून कमरेच्या मणक्यांसाठी वापरायला परवानगी मिळाली. २००४ मध्ये नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठीही मिळाली. त्यामागे ४५० रुग्णांचा एक अभ्यास होता. नेहमीच्या उपचारात वर्षभरात ४६ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रियेसारखा उपाय करावा लागला. बीएमपीची मोठी मात्रा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. फरक मोठा दिसला. पण २०११ मध्ये २७७ रुग्णांचा दुसरा अभ्यास आला. त्यात सर्वांना आजच्या पद्धतीने हाड पोखरून रॉड घातला होता. तिथे बीएमपीने हाड लक्षणीयरीत्या लवकर जुळल्याचे दिसले नाही.

दरम्यान डॉक्टरांनी ते परवानगी नसलेल्या ठिकाणीही वापरायला सुरुवात केली. स्पंजातली मात्रा मिलिग्रॅममध्ये असते. शरीर हाच निरोप त्याच्या लाखांश प्रमाणात देते. मानेच्या मणक्यांवर वापरल्यावर काही रुग्णांचा गळा सुजला आणि श्वास कोंडला. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला. काही ठिकाणी नको त्या जागी हाड वाढले. काही ठिकाणी हाड पोखरणाऱ्या पेशीच आधी जाग्या झाल्या आणि होते ते हाडही ठिसूळ झाले.

२०११ मध्ये मणक्याच्या आजारांवरील एका नामवंत अमेरिकी नियतकालिकाने कंपनीच्या पैशातून झालेले १३ अभ्यास तपासले. ७८० रुग्णांना बीएमपी दिले होते आणि त्यामुळे एकालाही त्रास झाल्याची नोंद त्या लेखांत नव्हती. उपलब्ध सरकारी कागदपत्रांशी ताडून पाहता खरा धोका १० ते ५० पट असल्याचे त्यांनी मांडले. २०१३ मध्ये येल विद्यापीठाच्या पुढाकाराने दोन स्वतंत्र गटांनी मूळ आकडे पुन्हा तपासले. मणक्याच्या शस्त्रक्रियेत रुग्णाच्या स्वतःच्या हाडापेक्षा बीएमपी ठळकपणे सरस आहे, असे त्यांना दिसले नाही.

औषध वाईट होते असा याचा अर्थ नाही. निरोप किती, कुठे आणि कुणाच्या फायद्यासाठी, हे विचारले गेले नाही, असा अर्थ आहे. ‘कुणालाच त्रास नाही’ असे वाचले की वॉर्डात काम केलेल्या माणसाच्या मनात शंका यायलाच हवी.

परांची आणि निरोप एकत्र

आता दोन्ही एकत्र आल्यावर माणसांत काय झाले, ते पाहू. २०१५ मध्ये इटली आणि अमेरिकेतील डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका रुग्णाच्या दाताभोवतीचे हाड हिरडीच्या आजाराने झिजले होते. त्याच्या स्कॅनवरून पॉलिकॅप्रोलॅक्टोनची परांची छापली, ती पीडीजीएफमध्ये भिजवली आणि बसवली. बारा महिने सगळे ठीक होते. तेराव्या महिन्यात हिरडी उघडून परांची दिसू लागली आणि शेवटी ती काढावी लागली. तपासणीत नवे हाड फारच थोडे आढळले. पॉलिमर मात्र बहुतांश तसेच होते. परांची उतरायला इतका वेळ लागला की तिच्या अडथळ्यानेच काम बिघडले. त्या डॉक्टरांनी हे अपयश लपवले नाही, छापून सगळ्यांपुढे ठेवले. त्यातून पुढच्यांना जाळी अधिक मोकळी आणि लवकर विरघळणारी हवी हे कळले. विज्ञान पुढे जाते ते अशा प्रामाणिकपणाने.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे. २०१७ मध्ये तिथे एका तरुणाच्या नडगीचे जवळजवळ ३६ सेंटिमीटर हाड जंतुसंसर्गाने गेले होते. तिथे छापील परांची बसवली. त्या डॉक्टरांचा भर बाहेरून ओतलेल्या बीएमपीवर नव्हता. रुग्णाच्याच शरीरातील रक्तवाहिन्या असलेली ऊती त्यांनी परांचीशी जोडून दिली, म्हणजे निरोप आणि रक्त दोन्ही त्याच्याच शरीरातून आले. पाय वाचला, पण त्यासाठी अनेक शस्त्रक्रिया आणि दीर्घ काळ लागला.

आपल्या देशातही काम चालू आहे. आयआयटी कानपूरमध्ये हाडाच्या तुटीसाठी सच्छिद्र पॉलिमर-क्षार परांची विकसित झाली आणि २०२४ मध्ये तिचे तंत्रज्ञान एका कंपनीकडे सोपवले गेले. डोक्याच्या कवटीतील छिद्रे आणि चेहऱ्याच्या हाडांसाठी निरोपाविना नुसती पॉलिमरची परांची काही देशांत नियमित वापरात आली आहे. पण पाय किंवा मांडीच्या मोठ्या तुटीसाठी परांची आणि वाढीचे निरोप एकत्र वापरणे अजून प्रयोगाच्याच पायरीवर आहे. आज ते नेहमीचा, सिद्ध झालेला उपचार नाही. ‘आपल्या माणसाला मिळेल का’ या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

कुणी असा उपचार सुचवला तर विचारा

आपल्या माणसाला असा काही नवा उपचार सुचवला गेला, तर सही करण्यापूर्वी शांतपणे विचारा:

१. हा रूढ उपचार आहे की प्रयोग? प्रयोग असेल तर सरकारच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत त्याचा क्रमांक काय? अशी नोंद १५ जून २००९ पासून बंधनकारक आहे.

२. नीतिविषयक समितीची मंजुरी आहे का? माहितीपत्रक मराठीत आहे का? रुग्णाला वाचता येत नसेल तर संमती घेताना तटस्थ साक्षीदार हजर असायला हवा.

३. कमरेचे हाड, रिंग किंवा मास्क्ले पद्धत यांचा विचार झाला का? नसेल तर का नाही?

४. कोणता निरोप, किती मात्रेत? बीएमपी असेल तर गरोदर बाई, त्या जागी चालू असलेला जंतुसंसर्ग किंवा गाठ, आणि हाडांची वाढ पूर्ण न झालेले मूल यांना ते देत नाहीत, हे लक्षात ठेवा.

५. पैसे कोण भरणार? वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधनातील उपचाराचा भार सहभागी रुग्णावर टाकायचा नसतो. प्रयोगामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे.

६. मध्येच नको म्हटले तर? नको म्हणण्याचा हक्क कोणत्याही क्षणी आहे आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

प्रश्न विचारला म्हणून डॉक्टर रागावतील अशी भीती बाळगू नका. चांगला डॉक्टर उत्तर देतो. कागदाची प्रत मागा आणि घरी नेऊन चारचौघांत वाचा.

यंत्राची वाट न पाहता करण्यासारखे

हाड शेवटी शरीरच बांधते. परांची जागा देते, निरोप हाक देतो, बाकी काम रक्त आणि पेशींचे. ते काम सोपे करणे आपल्या हातात आहे.

जखमेतून हाड दिसत असेल तर स्वच्छ कापडाने झाका, हाड आत ढकलू नका, हळद-तंबाखू भरू नका आणि तासाभराचाही वेळ न दवडता मोठ्या रुग्णालयात न्या. अँटिबायोटिक जितक्या लवकर सुरू होईल तितकी पस होण्याची भीती कमी. फ्रॅक्चरवर करकचून पट्टी बांधून घेऊ नका. रक्त अडले तर धडधाकट पायही जातो.

बिडी-सिगारेट बंद करा. ओढणाऱ्यांची हाडे उशिरा जुळतात, कधी जुळतच नाहीत, कारण निकोटीन रक्तवाहिन्या आवळते. मिश्री आणि तंबाखूतही तेच निकोटीन असते. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा. डाळ, अंडी, मासे, दूध, नाचणी, जे परवडेल ते रोज पोटात जाऊ द्या. खाटेवर पडलेल्या माणसाला ‘हलत नाही तर भूक कशाला’ म्हणून कमी वाढू नका. त्याचे शरीर त्या वेळी बांधकाम करत असते.

ठरलेल्या तारखेला एक्स-रे करा आणि जुने एक्स-रे फेकू नका, कारण पुढे काही सरकते आहे की नाही हे त्यांच्याशी ताडूनच कळते. तीन महिन्यांत काहीच फरक नसेल तर गप्प न बसता दुसरा सल्ला घ्या. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हाडांच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. घरातली वस्तू विकायचा विचार त्यानंतर.